तिसरं पिंप

पायरीची उंची चार सेंटिमीटर तीन मिलिमीटर होती. मधोमध, जिथे सगळ्यांचे पाय पडत, तिथे ती सहा मिलिमीटरने कमी भरली. एवढा दगड पावलांनी खाल्ला होता. पायरी म्हणावी तर अगदीच ठेंगणी, आणि नाही म्हणावं तर कारखान्यातल्या प्रत्येकाच्या पायाचा अंगठा उलट साक्ष द्यायला तयार.

साबणाच्या त्या कारखान्यात भट्टीच्या खोलीतून वाळवणीच्या खोलीत जाताना ती लागायची. भाची गुडघे टेकून, पट्टी पाच ठिकाणी धरून आकडे वहीत उतरवत होती. आत्या कमरेवर हात ठेवून शेजारी उभी होती.

"मापं घेतेयस, कपडे शिवायचेत का तिला?"

"पाच जागी मोजलं की सरासरी काढता येते, आत्या."

"काढ बाई. आमच्या वेळी नुसतं पडून समजायचं."

भाचीने सरासरीखाली रेघ मारली. आत्या हसली खरी, पण मनातून नाही. या पोरीने एखाद्या गोष्टीचं माप घेतलं की ती गोष्ट फार दिवस जागेवर राहत नाही, हे तिला आठ महिन्यांत कळून चुकलं होतं.

आठ महिन्यांपूर्वी भाची शास्त्र शिकून परत आली आणि वडिलांच्या कारखान्यात कामाला लागली. कारखान्याचे मालक म्हणजे तिचे वडील, आत्याचा धाकटा भाऊ. वय अठ्ठावन्न, डोक्यावर केस मोजून राहिलेले, तरी आत्या त्यांना चार माणसांत 'बाळ' म्हणायची आणि ते निमूटपणे ओ द्यायचे. हिशोब आणि गिऱ्हाईक त्यांचं. भट्टी मात्र आत्याची. साबण शिजला की नाही हे गेली एकतीस वर्षं ती एकटी ठरवत होती. थापीवर जरासा साबण घ्यायचा, निवू द्यायचा, अंगठ्याने तळहातावर चोळायचा, हुंगायचा, आणि शेवटी जिभेच्या टोकाला लावायचा. जीभ चुरचुरली तर कच्चा. नाही चुरचुरली तर उतरवा. मग ती थापी घेऊन वाळवणीच्या खोलीतल्या खिडकीपाशी जायची, उजेडात तिरकी धरायची, एक डोळा बारीक करायची आणि म्हणायची, "झाला."

त्यातला खिडकीचा भाग आता नुसता देखावा होता. दोन वर्षं झाली, आत्याला थापीवरची चकाकी दिसत नव्हती. थापी दिसायची, ती पण वाफेतून दिसावी तशी. भट्टीच्या खोलीत वाफ असतेच, म्हणून पहिले काही महिने तिने सगळा दोष वाफेला दिला. मग एकदा ती स्वतःच्या घरात, कोरड्या ठणठणीत स्वयंपाकघरात, भिंतीवरच्या घड्याळाला वाफ पुसून टाक म्हणून सांगायच्या बेतात होती, तेव्हा तिचं तिलाच समजलं. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. साधं ऑपरेशन आहे, म्हणाले. आधी एक डोळा, मग दुसरा, आणि महिनाभर वाफ नको, वाकणं नको. आत्याने कागद घरी नेला आणि बटणांच्या डब्यात, बटणांच्या खाली ठेवला.

ऑपरेशनची भीती तिला नव्हती. भीती त्या महिन्याची होती. महिनाभर भट्टी आपल्यावाचून चालली, तर? आणि चांगली चालली, तर? मग परत आल्यावर आपल्याला एक खुर्ची देतील, चहा देतील आणि 'आत्या, बसा' म्हणतील. 'बसा' म्हटलेल्या माणसांचं पुढे काय होतं ते तिने पाहिलं होतं. ती बसतात.

म्हणून आत्याने कारखाना पाठ केला. भट्टीपासून नऊ पावलं, मग डावीकडे भिंतीला टेकून चार तेलाची पिंपं. तिसऱ्या पिंपाला कमरेच्या उंचीवर पोचा होता; त्याला हात लागला की दोन पावलांवर पायरी. शिवाय कारखान्याची जुनी पद्धत तिच्या कामी यायची. आत्याच्या वडिलांच्या काळात कोणीतरी साबणाचा साचा घेऊन त्या पायरीवर आडवं झालं होतं. तेव्हापासून जो कोणी पायरी ओलांडेल त्याने मोठ्याने 'पायरी' म्हणायचं असा नियम पडला. नव्या माणसाला पगार सांगायच्या आधी ही हाक शिकवत. ती इतकी अंगवळणी पडे की ठसेवाले, म्हणजे वड्यांवर ठसा मारणारे कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर, लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेले तेव्हा दारात 'पायरी' म्हणून ओरडले होते. तिथे पायरी नव्हती. सासऱ्यांनी जावयाच्या डोक्याची चौकशी केली होती म्हणतात.

इतक्या वर्षांत पायरीच काढून टाकावी असं मात्र कोणाला सुचलं नाही. हाक मारली की काम झालं. आणि दिवसातून शंभरदा उठणाऱ्या त्या हाकेवरून दार नेमकं कुठे आहे हे आत्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. सांगत होतीच, एका अर्थी.

भाचीने पहिल्या महिन्यातच वही घातली होती. कोण घसरलं, कधी, कुठे, पायात काय होतं, जमीन ओली की कोरडी, हातात काय होतं. शेवटचा रकाना 'कारण'.

"माणूस जमिनीवर आहे आणि ही घड्याळ बघतेय," ठसेवाले म्हणायचे. ते स्वतः वहीत तीनदा होते. "मोजपट्टी, आधी उचला, मग लिहा."

"उचलल्यावर तुम्ही म्हणता पडलोच नव्हतो," भाची शांतपणे म्हणायची.

मोजपट्टी हे तिचं नाव कारखान्यात पडलं होतं. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर, तिला चाललं. चार महिन्यांत वहीत अकरा नोंदी झाल्या. साबणाचा चुरा आणि पाणी एकत्र आलं की जमीन जमीन राहत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पण अकरापैकी सात जण जेवणाच्या सुट्टीआधीच्या अर्ध्या तासात पडले हे कोणाला माहीत नव्हतं. त्या अर्ध्या तासात जो तो घाईत असे आणि चुरा झाडायला कोणी नसे. भाचीने साडेअकराला झाडू मारायची पाळी लावली. पाण्याच्या नळ्या जमिनीवरून उचलून भिंतीवरच्या खुंट्यांना टांगल्या. सगळ्यांना जाड तळव्याचे रबरी बूट आणले.

बुटांवरून दंगा होणार असं तिला वाटलं होतं. ते चालताना चुईचुई वाजायचे, आणि ठसेवाल्यांनी आपल्या पायांत दोन उंदीर सोडल्याची तक्रार लगेच केली. पण आत्याने बाजू घेतली.

"उत्तम बूट आहेत. आवाज तर फारच छान."

"आवाज?" भाची म्हणाली.

"प्रत्येकाचा वेगळा येतो ना. बाळ एक पाय ओढतो, ठसेवाले टाच आपटतात. कोण आलं ते कळतं."

भाचीने आत्याकडे जरा वेळ पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. आत्याला वाटलं, बुटांची किंमत लिहीत असेल.

मग पिंपांची वेळ आली. भाचीचं म्हणणं, पिंपांमुळे वाट नव्वद सेंटिमीटरची झालीये, दोन माणसं साचा घेऊन जाताना एकाला तिरकं चालावं लागतं. आत्या म्हणाली, पिंपं हलवायची नाहीत. का? तर तेलाला सवय असते जागेची.

"रिकामी आहेत, आत्या."

"रिकाम्यालाच जास्त असते."

मालक दोघींच्या मधे उभे राहून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. शेवटी पिंपं राहिली. पण पायरीचं मालकांनी मनावर घेतलं, कारण मुलीने त्यांना आकृती काढून दाखवली होती: चार पूर्णांक तीन सेंटिमीटर चढाला बारापट लांबी, म्हणजे सुमारे बावन्न सेंटिमीटरचा उतार, वरून खरखरीत गिलावा. गवंडी पुढच्या महिन्यात येणार होता. तो त्याच आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी मोकळा निघाला, आणि मालकांना झटपट निर्णय घेतल्याचा आनंद वर्षातून एकदाच मिळत असल्यामुळे त्यांनी तो घेतला. गवंड्याला माल कालवायला जागा हवी, म्हणून चारही पिंपं पलीकडच्या भिंतीला गेली. तिथेच बरी दिसतात, असं मालकांनी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा कारखाना नसलेल्या पायरीला अडखळला. ठसेवाल्यांनी सवयीने 'पायरी' म्हणून हाक दिली, पाय उचलला, आणि तो अपेक्षेपेक्षा खाली जमिनीवर आदळून त्यांचे दात वाजले. त्यांना हसणारा पुढचा माणूसही तसाच आदळला. जेवणापर्यंत सहा जण झाले. पडलं कोणी नाही.

"लिहा," ठसेवाले म्हणाले. "कारणाच्या रकान्यात लिहा, पायरी नसल्यामुळे. पूर्वी असल्यामुळे पडायचो तेव्हा निदान मान होता."

दोन दिवसांत पायांना उतार कळला. हाक मात्र थांबली. आता ओरडायचं कशाला?

आत्याच्या दृष्टीने कारखान्याचे दिवे गेले. भट्टीपासून नऊ पावलं टाकून ती डावीकडे हात करायची तर हाताला हवा. पुढे दाराचा उजेड एक पांढरा गोळा, भिंतही पांढरट. त्यात दार कुठे सुरू होतं आणि भिंत कुठे संपते याचा पत्ता नाही. पहिल्या दिवशी ती थापी घेऊन निघाली आणि चौकटीला खांदा आपटला. "वाटेत काय उभं केलंय हे?" ती म्हणाली. ठसेवाले म्हणाले, "भिंत, आत्या. तुमच्या जन्माआधीपासून उभी आहे." सगळे हसले, आत्याही हसली. दुसऱ्या दिवशी ती खिडकीपाशी गेलीच नाही. पाय दुखतो म्हणाली आणि भट्टीजवळूनच "झाला" म्हणून सांगितलं. भाचीने तिच्या पायांकडे पाहिलं.

चौथ्या दिवशी आत्या सगळ्यांच्या आधी कारखान्यात आली. पलीकडच्या भिंतीशी जाऊन तिने हाताने चाचपत पोच्याचं पिंप शोधलं, तिरकं केलं आणि काठावर गोल गोल फिरवत जुन्या जागी आणलं. एकच पिंप. फक्त तिसरं. एका पिंपाने वाट किती अडणार? नऊ पावलांवर हात केला तर पोचा लागला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास आला.

नऊ वाजता मालक आले. हातात मालाची पावती, नजर पावतीत. दारात माल घेऊन आलेल्या माणसाला ते तेव्हा सांगत होते की आमच्या कारखान्यात आता पडणं हा प्रकारच बंद झालाय. काल मोकळी असलेली वाट आज मोकळी नव्हती. गुडघा पिंपावर गेला, पिंप गडगडलं, आणि मालक त्याच्यामागे गडगडले. डावा हात अंगाखाली आला.

मोडलं नव्हतं. मनगट सुजलं होतं, आणि भाचीने बांधून दिल्यावर ते दिसायला बरंच मोठं प्रकरण वाटत होतं. चहाच्या वेळी सगळे टेबलाभोवती जमले. भाचीने वही उघडली.

"वेळ नऊ वाजून चार मिनिटं. जमीन कोरडी. बूट रबरी. हातात पावती." ती थांबली. "कारण, वाटेत पिंप."

"पिंप चालत आलं का?" मालक म्हणाले. त्यांना दुखण्यापेक्षा ती दारातली बढाई जास्त लागली होती. "आणलं कोणी?" आणि त्यांनी ठसेवाल्यांकडे पाहिलं, कारण कारखान्यात गंमत कोणी करायची तर ती त्यांनीच, असा रिवाज होता.

"मी काल साडेपाचलाच गेलो," ठसेवाले म्हणाले.

"तुम्हीच म्हणत होता, पिंपांवाचून वाट ओकीबोकी दिसते."

"दिसते म्हणालो, मालक. म्हणजे मी ती कडेवर घेऊन आलो असं होत नाही."

कोणी हसलं नाही. आत्या कपाकडे बघत होती, म्हणजे कप जिथे असावा तिथे. ठसेवाल्यांनी एकवार तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग सुस्कारा टाकला.

"बरं, लिहा माझं नाव. तीन आहेतच, चौथं. वही भरायला माझाच हातभार."

भाचीने पेन उचललं नाही.

"लिही की," मालक म्हणाले.

"खात्री नसताना कारण लिहीत नाही मी, बाबा."

आत्याने मान वर केली. "माझ्याबद्दल काय लिहिलंयस वहीत?"

"तू पडलेली नाहीस, आत्या."

"पडल्याशिवाय लिहीत नाहीस असं नाही तुझं. बुटांच्या दिवशी लिहिलं होतंस काहीतरी. वाच."

भाचीने मागची पानं उलटली आणि बाजारहाटाची यादी वाचावी तशा आवाजात वाचलं. "आत्या. घसरण शून्य. बुटांचा आवाज आवडतो. दर फेरीत तिसऱ्या पिंपाला हात लावते. जमीन धुतलेल्या दिवशी ओल्या पावलांचे ठसे पाहिले. बाकी सगळ्यांचे विखुरलेले, आत्याच्या अकरा फेऱ्यांचे एकावर एक. पायरी काढल्यावर खिडकीपाशी जाणं बंद. पाय दुखतो म्हणते. चालताना लंगडत नाही."

"आणि अनुमान?"

"ते लिहिलेलं नाही."

"का? एवढी शिकलीस."

"ज्याचं त्याने सांगायचं असतं," भाची म्हणाली. "मी दोन महिने जागा सोडून ठेवलीये."

कोणाचे तरी बूट टेबलाखाली चुईकन वाजले. ठसेवाल्यांचे, टाचेवरून आत्याने ओळखलं. जो माणूस आपल्या नावावर न केलेला गुन्हा चढवून घ्यायला तयार होता, तोही बहुधा हे ओळखून होता. म्हणजे आपण कोणापासून लपवत होतो?

"ठसेवाले, पिंप फिरवत आणायला कंबर लागते," ती म्हणाली. "तुमची कधीच गेली. मी आणलं."

"तू?" मालक म्हणाले. "ताई, कशाला?"

"मला दार सापडत नाही, बाळ."

मालकांनी बांधलेला हात टेबलावर ठेवला आणि तो तिथे आहे हे विसरून पुन्हा उचलला. "कधीपासून?"

"दोन वर्षं. मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे. कागद बटणांच्या डब्यात आहे."

"दोन वर्षं तुम्ही खिडकीपाशी जाऊन थापी बघत होता," ठसेवाले हळूच म्हणाले. "तो एक डोळा बारीक करणं."

"तुम्हाला आवडायचं ना बघायला."

"मी घरी करून दाखवायचो."

आत्याला हसू आलं, आणि त्यामागोमाग जे येऊ पाहत होतं ते तिने चहाच्या घोटाबरोबर गिळलं. मग तिने भाचीकडे तोंड केलं. "महिनाभर वाफ नको म्हणतात. तू सगळं मोजतेस. हे मोजून सांग. महिनाभर भट्टी माझ्यावाचून चालेल का?"

कोणी दुसरं असतं तर 'छे, कशी चालेल' म्हणालं असतं. भाचीने विचार केला.

"चालेल," ती म्हणाली. आत्याचा चेहरा उतरला. "पण वाईट चालेल. मी गेल्या महिन्यात तुझ्याआधी अंदाज लावून बघत होते, तुला न सांगता. रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीने आणि अंगठ्यानेही. बारापैकी चारदा चुकले. तू बारापैकी एकदाही नाही, आणि तुला दिसत नव्हतं. महिन्यात तीन भट्ट्या बिघडतील असा माझा हिशोब आहे. चारही."

"चार?"

"जास्तीत जास्त."

"चार," आत्या पुन्हा म्हणाली. इतक्या समाधानाने नुकसानीचा आकडा त्या टेबलावर आजवर कोणी उच्चारला नव्हता.

"चार भट्ट्या म्हणजे किती माल—" मालकांनी सुरुवात केली.

"बाबा," भाची म्हणाली, आणि ते थांबले.

आत्याने कप खाली ठेवला. ठेवताना बशीचा काठ बोटाने चाचपला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच ते लपवलं नाही. भाचीने पेन उचलून वहीवर धरलं.

"लिही," आत्या म्हणाली. "कारण, आत्याला दिसत नाही. आणि तू सोडलेल्या जागेत लिही, येत्या सोमवारी डॉक्टरांकडून तारीख घ्यायची आहे. आधी उजवा डोळा करून घेणार आहे मी."